तांबडे, काळे आणि कोरे

घराला रंग द्यावयाचे ठरले, की बहुतेक कुटुंबांत पहिला आठवडा वादात जातो. रंगाच्या दुकानातून नमुन्यांची जाड पुस्तिका घरी येते आणि तिच्यात शेकड्यांनी छटा असतात. गृहस्थाला एक पसंत पडते, गृहिणीला दुसरी, मुलांना तिसरी. शेवटी सर्वांचेच समाधान व्हावे म्हणून प्रत्येक भिंतीला निराळा रंग दिला जातो. महिनाभराने असे ध्यानात येते, की एकेक रंग स्वतंत्रपणे पाहिला तर सुरेख आहे, पण खोलीत बसले की मन स्थिर होत नाही. दोष कोणत्याच रंगाचा नसतो. दोष असतो तो निवड न करण्याचा.

रंगांची ही चंगळ तशी फार जुनी नाही. इ. स. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या हाती दगडी कोळशाच्या डांबरापासून एक जांभळा रंग लागला आणि तेथून कारखान्यातील रंगांचे युग सुरू झाले. त्यापूर्वी हजारो वर्षे माणसाने माती, दगड, काजळी, मुळे आणि फळे यांतून निघणाऱ्या मोजक्या रंगांवर आपली सारी हौस भागविली. त्या मोजक्या रंगांतही एक त्रिकूट असे आहे, की ते निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या धंद्यांत आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांच्या हातांत पुन:पुन्हा प्रकट झालेले दिसते. उबदार तांबडा, गडद काळा, आणि या दोघांना जागा करून देणारा कोरा, म्हणजे दुधी किंवा पिवळसर पांढरा, असे हे तीन रंग होत. त्यांचा संसार इतका काळ का टिकला आणि आजच्या घरात त्यांच्यापासून काय घेण्यासारखे आहे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

मराठी घराला हे त्रिकूट परके नाही. गेरूने रंगविलेले तुळशीवृंदावन, त्यावर ओढलेली रांगोळीची पांढरी रेघ आणि खाली काळ्या पाषाणाची पायरी, एवढ्या तीन गोष्टींनी अंगण सजलेले पुष्कळांनी लहानपणी पाहिलेले असते. जुनी हस्तलिखित पोथी उघडली, तर पिवळसर कोरे पान, काळ्या शाईची अक्षरे आणि अध्यायाची समाप्ती किंवा वाक्याचे दंड दाखविणारी तांबडी शाई तेथेही भेटते. पानावरून धावणाऱ्या नजरेला कोठे थांबावयाचे ते तांबडा रंग सांगतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार तांबड्या अंकात छापतात, तो याच रीतीचा धाकटा वंशज म्हणावयास हरकत नाही. पेशवाईतील वाड्यांत भाजलेल्या विटेचा तांबूसपणा, सागवानी खांबांचा गडदपणा आणि चुन्याच्या गिलाव्याचा पांढरेपणा यांनी हेच काम निराळ्या प्रमाणावर केले आहे.

याहून मागे जावयाचे, तर प्रवरा नदीच्या काठी जावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, जोर्वे या गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून महाराष्ट्रातील एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. पुढे नेवासे, दायमाबाद आणि पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथेही त्याच घडणीची भांडी निघाली. त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व १४०० ते ७०० असा स्थूल मानाने धरतात. भांड्याचे अंग तांबूस, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा, चौकटी, त्रिकोण. आणि भाजणी अशी उत्तम, की बोटाने टिचकी मारताच धातूसारखा नाद निघावा. नांगर, गुरे आणि पाऊस यांच्या चिंतेत दिवस काढणाऱ्या त्या शेतकऱ्यांना आपल्या पाण्याच्या भांड्यावर चार काळ्या रेघा असाव्यात असे वाटले, ही गोष्ट लहान नाही.

तांबडा आणि काळा हे दिसावयास एकमेकांचे विरोधी. पण पुष्कळदा ते एकाच घरचे असतात. ते घर लोखंडाचे. मातीत लोह असते. भाजताना हवा मोकळी मिळाली, तर लोहाचा प्राणवायूशी पूर्ण संयोग होतो आणि तांबडा रंग उत्पन्न होतो. गेरू, गंज आणि वीट यांचा रंग हाच. प्राणवायू कमी पडला, तर तेच लोह काळे होते. अथेन्स नगरीच्या कुंभारांनी ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात या एका गुणावर आपली सगळी कला उभारली. भट्टीत ते प्रथम हवा मोकळी सोडीत; मग वाट बंद करून धूर कोंडीत; आणि शेवटी पुन्हा हवा देत. अतिशय बारीक मातीचा लेप जेथे दिलेला असे, तो भाग मधल्या अवस्थेत काचेसारखा घट्ट होऊन काळा राही; बाकीचे सच्छिद्र अंग हवा शोषून पुन्हा तांबडे होई. काळ्या आकृतींच्या त्या कलशांवर स्त्रियांचे मुख किंवा वृद्धांची दाढी दाखविण्यासाठी थोडा पांढरा रंगही लावीत. एक माती, एक भट्टी, आणि रंग मात्र तीन.

मातीवर जे झाले तेच कापडावर अधिक अवघड रीतीने साधावे लागले. त्याचे एक जिवंत उदाहरण अहमदाबाद शहरात आहे. तेथे ‘माता नी पछेडी’ या नावाने ओळखले जाणारे चित्रित कापड तयार होते. पछेडी म्हणजे देवीच्या पाठीमागे लावावयाचा पडदा. तिची मूळ भाषा तीनच रंगांची आहे: तांबडा, काळा आणि कोऱ्या कापडाचा पांढरा.

या पडद्याचा जन्म कौतुकातून झालेला नाही. साबरमतीच्या परिसरात वावरणारा, पूर्वी वाघरी आणि आता देवीपूजक या नावाने ओळखला जाणारा समाज यांचा भक्त आणि कर्ताही होय. परंपरा असे सांगते, की या लोकांना देवळात प्रवेश नव्हता. देवळात जाता येत नाही, म्हणून त्यांनी देऊळच कापडावर काढले. मधोमध कमानीखाली देवी, भोवती भक्त, वादक, पशू, पक्षी, फुले. असे चार पडदे उभे केले आणि वर चांदवा ताणला, की उघड्या माळावर गाभारा सिद्ध झाला. कोंबड्यावर बसलेली बहुचरा, मगरीवरची खोडियार, बोकडावरची मेलडी, रेड्यावरची विहत, अशा देवी त्या कापडी देवळांत येऊन बसल्या. ज्या माणसांना दगडी उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांनी आपले देऊळ घडी घालून खांद्यावर घेता येईल असे केले. या इतिहासाची आठवण ठेवून त्या तीन रंगांकडे पाहिले, म्हणजे त्यांतील गांभीर्य निराळे भासते. जाणते लोक तांबडा हा धरतीमातेचा, काळा हा वाईटाला दूर ठेवणारा आणि पांढरा हा शुद्धतेचा रंग असल्याचे सांगतात.

हे कापड रंगविण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. कोरे सुती कापड प्रथम धुऊन त्यातील खळ काढून टाकतात आणि हिरड्याच्या पाण्यात बुडवितात. हिरडा हे सह्याद्रीच्या ओळखीचे फळ. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा वेचून विकतात, हे पुणेकरांना ठाऊक आहेच. हिरड्यात तुरट द्रव्य भरपूर असते. ते धाग्यात मुरले, की कापड फिकट पिवळे दिसू लागते आणि पुढील रंग धरून ठेवण्यास तयार होते.

काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड, गूळ आणि पाणी एकत्र करून कित्येक दिवस आंबत ठेवतात. गूळ आंबला, की आम्ल तयार होते; आम्लात लोह उतरते. हे पाणी चिंचोक्याच्या पिठाने शिजवून दाट करतात आणि बांबूच्या काडीने किंवा लाकडी ठशाने कापडावर आकृतींच्या रेषा काढतात. लोहाची हिरड्यातील तुरट द्रव्याशी गाठ पडली, की तेथल्या तेथे पक्का काळा रंग उमटतो. युरोपात शतकानुशतके लिहिण्याची काळी शाई याच युक्तीने होत असे. तेथे हिरड्याचे काम मायफळ करी.

तांबड्याची गोष्ट याहून विलक्षण. जेथे तांबडा हवा, तेथे तांबडा रंग लावावयाचाच नाही. तेथे तुरटीची खळ भरावयाची. तुरटीला स्वत:चा रंग नाही. कित्येक कारागीर तिच्यात थोडा कच्चा रंग मिसळतात, तो केवळ आपला हात कोठवर आला हे समजावे म्हणून. मग ते कापड वाळवून, धुऊन, मोठ्या भांड्यात अलिझारिन या तांबड्या रंगद्रव्याच्या पाण्यात धायटीची फुले घालून उकळतात. पाणी तापत जाते, कापड काठीने वरखाली होत राहते, आणि जेथे जेथे तुरटी आहे तेथे तेथे तांबडा रंग हळूहळू वर येतो. जेथे लोह आहे तेथला काळा अधिक गडद होतो. जेथे काहीच लावलेले नाही तेथे रंग बसत नाही. तो धुऊन निघतो आणि कोरे कापड पुन्हा उजळते.

म्हणजे चित्रकाराने दिवसेंदिवस जे रेखाटले, ते त्याला शेवटच्या उकळीपर्यंत खरे दिसलेलेच नसते. त्यात चूक झाली तर ती खोडता येत नाही. यासाठी लागते ती आठवण, आणि पूर्ण चित्र आधीच डोळ्यांपुढे असण्याची शक्ती. धुण्यासही वाहते पाणी हवे. कारण साचलेल्या पाण्यात सुटलेला रंग फिरून येऊन कोऱ्या भागावर बसतो आणि सारी मेहनत मळवितो. नदी ही या धंद्यात देखाव्याची वस्तू नसून हत्यार आहे. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील बाघ या गावी खत्री लोक ठशांनी जे तांबडे-काळे कापड छापतात, तेथेही तुरटी, लोह आणि वाहते पाणी यांचाच मेळ असतो.

एकाच भांड्यातून अनेक रंग निघण्याची ही किमया फार प्राचीन आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकात ईजिप्तमधील अशा रंगाऱ्यांचे वर्णन केले आहे. कापडावर निरनिराळी द्रव्ये लावून ते एकाच रंगाच्या कढईत बुडविले, तर ते नाना रंगांचे होऊन बाहेर येते, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले होते. त्या आश्चर्यात सौंदर्याचा एक नियमही दडलेला आहे. जे रंग एकाच कढईतून आणि एकाच रसातून येतात, त्यांच्यात एक रक्ताचे नाते राहते. काळ्यात थोडी तांबड्याची ऊब उरते, आणि कोऱ्यावरही हिरड्याच्या पिवळेपणाची किंचित सावली राहते. म्हणून ते शेजारी बसले तरी भांडत नाहीत.

रंगांच्या शेजारधर्माचा शास्त्रीय विचार ज्याने प्रथम पद्धतशीरपणे केला, त्याला या विषयाची वाट काळ्या रंगानेच दाखविली. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसमधील गोबलँ येथील प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. तेथे अशी तक्रार होती, की निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या दाखविण्यासाठी वापरलेला काळा धागा निस्तेज दिसतो. शेव्रलने तो धागा तपासला, दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंगात काही दोष आढळेना. शेवटी त्याच्या लक्षात आले, की दोष शेजाऱ्यांचा आहे. डोळा एका रंगाकडे पाहताना त्याच्या लगतच्या जागेवर त्या रंगाच्या विरोधी रंगाची छटा पाहतो. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी काळ्यावर पिवळसर नारिंगी छटा चढते आणि तो उतरलेला दिसतो. १८३९ साली त्याने हा विचार ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

हा नियम उलट फिरवून पाहिला, की पछेडीचे मर्म कळते. तांबड्याच्या शेजारी काळ्यावर थंड हिरवट-निळसर छटा चढते. त्यामुळे काळा उतरत नाही. तो खोल दिसतो. आणि काळ्याच्या कडेने बांधलेला तांबडा अधिक उजळतो. दोघेही एकमेकांचे मोल वाढवितात. साबरमतीकाठच्या चित्रकाराने शेव्रलचे नावही ऐकलेले नव्हते. पण त्याच्या डोळ्याने हा न्याय केव्हाच ओळखला होता.

तथापि या जोडीत एक धोका आहे. तांबडा, विशेषत: गडद तांबडा, उजेडाच्या मापाने काळ्यापासून फार दूर नसतो. खोलीतील दिवा मंद करावा किंवा कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे; दोन्ही रंग एकमेकांत विरघळून एकच काळसर ढीग उरतो. तेथे तिसऱ्याची गरज पडते. पछेडीतील देवीचे मुख, वाहनाचे अंग, फुलाची पाकळी यांतून जो कोरा भाग राखलेला असतो, तो रिकामा राहिलेला नसतो, मुद्दाम राखलेला असतो. तो निघून गेला, तर चित्र दूरून वाचताच येणार नाही. ज्याला आपण रंग लावीत नाही, त्याचीही गणना रंगातच करावी लागते, हा या कापडाचा पहिला धडा.

दुसरा धडा प्रमाणाचा. तीन रंग समान वाटून दिले, तर त्यांच्यात सत्तेची ओढाताण सुरू होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तेथे तीन कशा राहणार? कोणत्या तरी एकाने धनी व्हावे, दुसऱ्याने कारभारी आणि तिसऱ्याने हाकेला ओ देणारा सेवक. दहा भाग केले तर सहा, तीन आणि एक, अशी वाटणी घरगुती कामास सोयीची पडते. यांत धनी कोण हे प्रसंगावर अवलंबून. पोथीत कोरा कागद धनी, काळी शाई कारभारी, तांबडी सेवक. आणि म्हणूनच ती तांबडी इतकी चटकन दिसते. पछेडीत पुष्कळदा तांबडाच मोठी जागा व्यापतो. चंद्रकळेत काळा धनी असतो आणि काठपदर त्याला खुलवितात. मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली काळी चंद्रकळा ल्यालेली स्त्री शोकाकुल दिसत नाही, भारदस्त दिसते, याचे कारण तेच.

तिसरा धडा छटांचा. तांबडा म्हणून कोणताही तांबडा चालत नाही. गेरूकडे, विटेकडे झुकणारा तांबडा पिवळ्याचा सोयरा असतो. गुलाबाकडे, जांभळाकडे झुकणारा निळ्याचा. पहिल्याजवळ दुधी, हस्तिदंती, ताकासारखा पांढरा शोभतो. नीळ घातलेल्या धुतलेल्या धोतराचा पांढरा स्वच्छ खरा. पण विटकरी तांबड्याशेजारी तो परकाच वाटतो. काळाही डांबरासारखा कोरडा नसावा. जुन्या सागवानासारखा, तव्यासारखा, किंचित तपकिरीची ऊब असलेला असावा. तिन्ही रंगांत एकाच कुळाचा अंश ठेवला, की निम्मे काम झाले.

आता घरातील दिव्याविषयी. तेलाचा दिवा किंवा समईची ज्योत हिच्या प्रकाशात पिवळा व तांबडा अंश अधिक असतो. म्हणून देवघरातील तांबडे वस्त्र संध्याकाळी पेटल्यासारखे दिसते. पछेडी याच उजेडात पाहण्यासाठी जन्मलेली आहे. पण उजेड अगदीच कमी झाला, तर डोळ्याची रीत पालटते. यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे टिपून ठेवले, की पहाटेच्या अंधुक प्रकाशात तांबडी फुले काळसर दिसतात आणि निळी त्या मानाने उजळ दिसतात. याचा व्यवहारी अर्थ असा, की गडद तांबड्या खोलीला दिवा उबदार हवा, पण पुरेसाही हवा. आजकालच्या विजेच्या दिव्यांच्या वेष्टनावर केल्विन या मापात आकडा छापलेला असतो. सुमारे २७०० चा दिवा पिवळसर, समईच्या जवळचा. ६५०० चा दिवा निळसर पांढरा. दुसऱ्या प्रकारच्या दिव्याखाली उत्तम विटकरी भिंतही आजारी दिसू लागते, आणि लोक दोष रंगाऱ्याला देतात.

भिंतींचे म्हणावयाचे, तर सावधगिरी आवश्यक आहे. चुन्यासारखा पांढरा पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशापैकी साधारणत: तीन चतुर्थांश किंवा अधिक परत देतो, गडद तांबडा एक दशांशाच्या आसपासच देतो, काळा त्याहूनही कमी. गल्लीत उघडणारी एकच खिडकी असलेल्या लहान खोलीच्या चारही भिंती तांबड्या केल्या, तर दिवसाही दिवा लावून बसावे लागेल. तेथे भिंती दुधी ठेवाव्यात. दारे, खिडक्यांची चौकट, पुस्तकांचे कपाट यांना गडद रंगाचे काम द्यावे. आणि तांबडा सतरंजीत, गादीच्या अभ्य्रात, एखाद्या चित्राच्या चौकटीत येऊ द्यावा. खोली प्रशस्त आणि उजेडाची असेल, तर एक भिंत, बहुधा खिडकीसमोरची, विटकरी करण्यास हरकत नाही. पितळेचे एखादे भांडे या मांडणीत चौथा रंग म्हणून शिरत नाही. ते दिव्याचा उजेड गोळा करून परत देते, एवढेच.

छपाईतही हीच काटकसर उपयोगी पडते. लग्नपत्रिका किंवा पुस्तकाचे वेष्टन दोन शायांत छापावे आणि कागद दुधी घ्यावा. दोन शायांच्या खर्चात तीन रंग मिळतात. मात्र काळ्यावर तांबडी अक्षरे घालण्याचा मोह टाळावा. ती छापणाऱ्याला दिसतात, वाचणाऱ्याला दिसत नाहीत. काळ्यावर कोरी अक्षरे ठेवावीत, आणि तांबडा एखाद्या रेघेपुरता किंवा मुद्रेपुरता राखावा.

या तीन रंगांवर एकोणिसाव्या शतकात एक मोठे संकट येऊन गेले. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून मिळणारा तांबडा रंग त्या काळी मोठ्या व्यापाराचा विषय होता. फ्रान्स आणि हॉलंड येथे त्यासाठी मोठ्या प्रमाणावर शेती होत असे. भारतीय मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन ही तांबडी द्रव्ये असतात, आणि त्यांतील दुसऱ्याचे नाव आपल्याच शब्दावरून पडलेले आहे. युरोपीय मुळांतील मुख्य द्रव्य अलिझारिन. कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ साली ते डांबरातील एका पदार्थापासून कृत्रिम रीतीने तयार केले. थोड्याच वर्षांत कारखान्यातील अलिझारिन स्वस्त झाले आणि त्या मुळांची शेती बसली. शेतकऱ्यांच्या पिढ्यांचे ज्ञान एका दशकात निरुपयोगी ठरले.

परंतु एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हे कृत्रिम अलिझारिन मुळातील अलिझारिनहून निराळे द्रव्य नव्हे. तेही तुरटीवाचून कापड धरीत नाही. म्हणून पछेडीची हिरडा, तुरटी, लोह आणि उकळी ही सारी परंपरा त्या बदलातून वाचली. आज कढईत पडते ते बहुधा तयार अलिझारिनच. खरा घाव पुढे पडला, तो कसलीही पूर्वतयारी न मागणाऱ्या झटपट रंगांचा आणि यंत्रावर छापलेल्या नकलांचा. बाजारातील गिऱ्हाईक हिरवा मागते, निळा मागते, जांभळा मागते. महिनाभराचे काम आणि तासाभराची छपाई यांतील भेद त्याला दुरून दिसत नाही. चित्रकारालाही घर चालवावयाचे असते. त्याने नवे रंग घेतले म्हणून त्याला बोल लावणे घरबसल्या सोपे आहे. अहमदाबादच्या चितारा कुटुंबांनी दोन्ही वाटा सांभाळल्या आहेत: काहींनी वनस्पतींपासून नवे रंग काढले, आणि जुने त्रिकूटही सोडले नाही. त्यांपैकी भानुभाई चुनीलाल चितारा यांना २०२३ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. ज्या कलेचा आरंभ देवळाच्या दाराबाहेर झाला, तिच्या कर्त्याला राष्ट्राने आदराने आत बोलावले, हे योग्यच झाले. पण तेवढ्याने काम संपत नाही. कला टिकते ती सन्मानापेक्षा गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर, आणि तो डोळा सुशिक्षित घरांतच तयार व्हावयाचा आहे.

तो तयार करणे कठीण नाही. पछेडी म्हणून विकावयास ठेवलेले कापड हाती आले, तर ते उलटून पाहावे. पृष्ठभागावर चिकटवलेला रंग मागच्या बाजूस फिका किंवा नाहीसा असतो. धाग्यात शिजलेला रंग पाठीमागेही उतरलेला असतो. काळ्या रेषेचा हात पाहावा: ठशाची रेषा सर्वत्र सारखी, काडीची रेषा कोठे जाड, कोठे बारीक, कोठे श्वास घेतल्यासारखी थांबलेली. कोऱ्या भागाकडे पाहावे. तो स्वच्छ असेल, तर कोणीतरी वाहत्या पाण्यात उभे राहून ते कापड पुरेसा वेळ धुतले आहे, हे खुशाल समजावे. किंमत विचारण्यापूर्वी एवढे पाहिले, तर पुष्कळदा किमतीविषयी घासाघीस करण्याची इच्छाच उरत नाही.

आणि घरी परतल्यावर ती रंगांची जाड पुस्तिका पुन्हा उघडावी. तिच्यातील शेकडो छटा वाईट नाहीत; त्या इतर घरांच्या, इतर प्रसंगांच्या आहेत. आपल्या एका खोलीपुरते त्यांतून तीन निवडावेत, त्यांचे एकमेकांशी नाते तपासावे, त्यांच्यात धनी कोण हे ठरवावे, आणि मग ती पुस्तिका दुकानदाराला परत नेऊन द्यावी.